लिपिडे व कॅल्शियम यांद्वारे होणारे एंझाइम-नियंत्रण

कोशिकेतील (पेशीतील) एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) केव्हा क्रियाशील व्हावीत, किती वेळ तशी राहावीत आणि केव्हा थांबावीत, हे ठरविणाऱ्या अनेक यंत्रणा आहेत. त्यांपैकी एका महत्त्वाच्या यंत्रणेत कोशिकेच्या पटलांतील काही लिपिडे (वसा व वसासदृश पदार्थ) आणि कॅल्शियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) हे एकत्रितपणे भाग घेतात. हॉर्मोने (वाहिनीविहीन ग्रंथींपासून सरळ रक्तात मिसळणारे स्राव), तंत्रिकांच्या (मज्जांच्या) टोकांशी स्रवणारी रसायने, वाढीस चालना देणारे पदार्थ इत्यादींपैकी पुष्कळसे कोशिकेच्या आत शिरू शकत नाहीत. त्यांनी आणलेला संदेश बाह्य पटलावरील ग्राही प्रथिनांपाशी थांबतो. तेथून पुढे तो आतील एंझाइमांपर्यंत नेण्याचे काम ज्या लहान रेणूंकडे व आयनांकडे असते, त्यांना ‘दुय्यम संदेशवाहक’ म्हणतात. पटलातील एका लिपिडाचे विच्छेदन होऊन निर्माण होणारे दोन पदार्थ व कॅल्शियम आयन हे असे संदेशवाहक होत. स्नायूंचे आकुंचन, ग्रंथींचे स्रवण, रक्तातील बिंबाणूंचे एकत्र येणे, फलनानंतर अंड्याच्या विकासास होणारा प्रारंभ, प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) आणि स्मरणशक्ती या एरव्ही परस्परांशी संबंध नसलेल्या क्रियांमध्ये ही एकच यंत्रणा थोड्याफार फरकाने आढळते.

कोशिकेचे पटल ही केवळ एक भिंत आहे, असे बराच काळ मानले जात असे. पटलातील लिपिडांचे काम आतील द्रव्य बाहेर जाऊ न देणे एवढेच असावे, अशी समजूत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या संशोधनाने ही समजूत बदलली. पटल हे संदेशांचे कोठारही आहे आणि त्यातून बाहेर पडणारा संदेश जितका आवश्यक असतो तितकेच त्याचे वेळीच संपणेही आवश्यक असते, हे या संशोधनातून स्पष्ट झाले.

कॅल्शियमाची विषम वाटणी : प्रौढ माणसाच्या शरीरात सु. एक किग्रॅ. कॅल्शियम असते व त्यापैकी सु. ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेल्या अल्प भागाचे कार्य मात्र अतिशय महत्त्वाचे आहे. रक्तद्रवात व कोशिकांबाहेरील द्रवात मुक्त कॅल्शियम आयनांची संहती (विद्रावातील प्रमाण) लिटरमागे सु. एक सहस्रांश मोल असते. याउलट, विश्रांत स्थितीतील कोशिकेच्या द्रवात ती लिटरमागे सु. एक कोट्यंश मोल, म्हणजे बाहेरच्या मानाने सु. दहा हजारपट कमी असते. कोशिकेत फॉस्फेटे विपुल असतात व कॅल्शियमाचा त्यांच्याशी संयोग झाल्यास अविद्राव्य (न विरघळणारे) साके तयार होतात. त्यामुळे ज्या कोशिकेला फॉस्फेटांच्या साहाय्याने ऊर्जेची देवघेव करावयाची आहे, तिला कॅल्शियम सतत बाहेर टाकणे भाग असते. हे काम पटलांतील पंप ऊर्जा खर्च करून अखंडपणे करीत असतात. काही कॅल्शियम कोशिकेतील आंतर्द्रव्यजालिकेच्या (पटलांनी बनलेल्या नलिका व पिशव्या यांच्या जाळ्याच्या) पोकळीत साठविलेले असते.

या व्यवस्थेमुळे कॅल्शियम हा एक उत्तम संदेशवाहक ठरतो. आतील प्रमाण मुळातच अत्यल्प असल्याने पटलातील थोडीशी द्वारे क्षणभर उघडली, तरी ते पाचपट वा दसपट वाढते. हा फरक योग्य रचनेच्या प्रथिनांना सहज जाणवतो. ज्या पदार्थाचे प्रमाण मुळातच भरपूर आहे, त्याच्यात एवढी मोठी सापेक्ष वाढ इतक्या अल्पावधीत घडवून आणणे शक्य झाले नसते.

ऐतिहासिक आढावा : कॅल्शियमाच्या या कार्याचा पहिला स्पष्ट पुरावा इंग्रज वैद्य सिडनी रिंगर यांना १८८३ मध्ये मिळाला. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते लवणांच्या विद्रावात धडधडत ठेवण्याचे त्यांचे प्रयोग चालू होते. विद्राव ऊर्ध्वपातित (वाफ करून व ती थंड करून शुद्ध केलेल्या) पाण्यात केलेला आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेला होता. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे आकुंचन मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच आकुंचन टिकविणारे द्रव्य होते, असे रिंगर यांनी दाखवून दिले. पुढे १९४७ मध्ये लुइस हाइलब्रुन व फ्लॉइड व्हेर्सिन्स्की यांनी स्नायुतंतूंच्या आत निरनिराळी लवणे टोचून पाहिली आणि आकुंचन घडवून आणण्याचा गुणधर्म कॅल्शियमात असल्याचे सिद्ध केले. कॅल्शियम जाणणारे प्रथिन मात्र १९६०–७० या दशकात सापडले. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी व त्यांचे सहकारी यांनी स्नायूतील ट्रोपोनीन या प्रथिनाचा शोध लावला. कॅल्शियम जडताच ट्रोपोनिनाचा आकार बदलतो व आकुंचनास असलेला अटकाव दूर होतो.

लिपिडांची कथा स्वतंत्रपणे पुढे सरकत होती. १९५३ मध्ये मेबल होकिन व लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या अग्निपिंडाचे पातळ काप किरणोत्सर्गी फॉस्फरसाच्या सान्निध्यात ठेवून त्यांना ॲसिटिलकोलीन या तंत्रिकास्रावाने उद्दीपित केले. पाचक एंझाइमांचे स्रवण वाढले हे अपेक्षितच होते. तथापि त्याबरोबर पटलातील फॉस्फोलिपिडांमध्ये (फॉस्फेटयुक्त लिपिडांमध्ये) किरणोत्सर्गी फॉस्फरस मोठ्या प्रमाणात शिरल्याचे आढळले. याचा अर्थ उद्दीपनाबरोबर पटलातील काही लिपिडे मोडत होती व नव्याने घडत होती. ही घडामोड मुख्यतः इनॉसिटॉलयुक्त फॉस्फोलिपिडांमध्ये होते, हेही लवकरच लक्षात आले. या निरीक्षणाचा अर्थ मात्र दोन दशके उलगडला नव्हता. ज्या हॉर्मोनांमुळे ही लिपिडे मोडतात त्यांच्यामुळेच कोशिकेतील कॅल्शियमही वाढते, याकडे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल यांनी १९७५ मध्ये लक्ष वेधले व लिपिडाचे विच्छेदन हे कारण आणि कॅल्शियमाची वाढ हे कार्य असावे, अशी परिकल्पना मांडली.

या दोन घटनांमधील दुवा १९८३ मध्ये सापडला. केंब्रिज येथील मायकेल बेरिज हे माशीच्या लालाग्रंथींवर काम करीत होते. उद्दीपनानंतर इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हा जलविद्राव्य (पाण्यात विरघळणारा) पदार्थ अत्यंत जलद तयार होतो, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी हान्सपीटर श्ट्रेब, रॉबिन अर्व्हिन, बेरिज व इरेने शुल्ट्स यांनी अग्निपिंडाच्या कोशिकांची बाह्य पटले सच्छिद्र करून त्यांत हा पदार्थ सोडला. तेव्हा आतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडले. मिशेल यांच्या परिकल्पनेस अशा प्रकारे प्रत्यक्ष आधार मिळाला.

संदेशाची निर्मिती : या यंत्रणेचा आरंभ ज्या लिपिडापासून होतो, ते म्हणजे फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल बिसफॉस्फेट. बाह्य पटलातील एकूण फॉस्फोलिपिडांत त्याचे प्रमाण सु. एक टक्का वा त्याहूनही कमी असते आणि ते पटलाच्या आतील थरात असते. त्याच्या रेणूचे दोन भाग कल्पिता येतात : पटलाच्या तेलकट गाभ्यात रुतलेल्या वसाम्लांच्या दोन लांब साखळ्या आणि पाण्याच्या बाजूस असलेले, फॉस्फेट गट जडलेले इनॉसिटॉल या शर्करासदृश पदार्थाचे कडे.

हॉर्मोन ग्राहीला जडले म्हणजे ग्राहीचा आकार बदलतो. अनेक ग्राहींच्या बाबतीत हा बदल पटलालगतच्या ‘जी’ प्रथिनांमार्फत, तर काहींच्या बाबतीत अन्य मार्गाने फॉस्फोलिपेज सी या एंझाइमापर्यंत पोहोचतो. हे एंझाइम क्रियाशील होऊन वरील लिपिडाचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने तुकडे) करते. फॉस्फेटयुक्त कडे सुटे होऊन इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट बनते व ते पाण्यात विरघळून कोशिकेच्या अंतर्भागात पसरते. वसाम्लांच्या साखळ्या असलेला दुसरा भाग, म्हणजे डायॲसिलग्लिसरॉल, पाण्यात न विरघळल्याने पटलातच राहतो. एकाच रेणूच्या विच्छेदनातून अशा रीतीने दोन संदेश निघतात. एक आत जाणारा व एक पटलातच थांबणारा.

इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हे आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातील विशिष्ट ग्राहीला जडते. हे ग्राही म्हणजे चार समान घटकांनी बनलेले कॅल्शियमाचे द्वार असते. ते उघडताच साठ्यातील कॅल्शियम कोशिकेच्या द्रवात शिरते. कॅल्शियमाचे थोडे प्रमाण हे द्वार अधिक उघडण्यास साहाय्य करते, तर जास्त प्रमाण ते बंद करते. त्यामुळे वाढ एकसारखी न होता पुष्कळदा लाटांच्या वा ठोक्यांच्या स्वरूपात होते. फळमाशीतील या ग्राहीचे जीन (आनुवंशिक एकक) १९९२ मध्ये गैती हसन व मायकेल रॉसबाश यांनी ओळखले. पुढे हसन यांच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील प्रयोगशाळेत, या ग्राहीत दोष असलेल्या काही माश्यांना नीट उडता येत नाही, असे दिसून आले.

साठा रिकामा होऊ लागला की, त्याची जाणीव जालिकेच्या पटलातील एका प्रथिनास होते व ते बाह्य पटलातील दुसऱ्या प्रथिनास जडून बाहेरील कॅल्शियमासाठी द्वार उघडते. ही दोन प्रथिने २००५ व २००६ या वर्षी ओळखली गेली. बाह्य पटलातील प्रथिनात जन्मजात दोष असलेल्या बालकांत प्रतिरक्षा कोशिका कार्यक्षम होत नाहीत व ती वारंवार गंभीर संसर्गांना बळी पडतात.

प्रथिन कायनेज सी : लिपिड व कॅल्शियम यांचे संयुक्त नियंत्रण सर्वांत स्पष्टपणे दिसते ते या एंझाइमात. कायनेज वर्गातील एंझाइमे इतर प्रथिनांवर फॉस्फेट गट जोडतात व त्यामुळे त्या प्रथिनांचे कार्य सुरू होते, थांबते वा बदलते. फॉस्फेट गट जोडून व काढून प्रथिनांचे नियंत्रण होते, हे एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांनी १९५०–६० या दशकात ग्लायकोजेनाच्या विघटनाच्या अभ्यासातून दाखविले होते. त्याबद्दल त्यांना १९९२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जपानमधील कोबे विद्यापीठातील यासुतोमी निशिझुका (१९३२–२००४) व त्यांचे सहकारी यांना १९७७ मध्ये उंदराच्या मेंदूत एक नवे कायनेज आढळले. प्रथम ते एखाद्या मोठ्या, निष्क्रिय प्रथिनाचा तुटलेला तुकडा म्हणून दिसले. मूळ अखंड प्रथिन कशाने क्रियाशील होते याचा शोध घेताना, त्यास कॅल्शियम व पटलांतील फॉस्फोलिपिडे या दोहोंची आवश्यकता असल्याचे १९७९ मध्ये स्पष्ट झाले. याच वेळी एक विसंगती दिसून आली. मेंदूच्या पटलांपासून काढलेली फॉस्फोलिपिडे वापरली असता बाहेरून कॅल्शियम न घालताही एंझाइम क्रियाशील होई. तांबड्या रक्तकोशिकांपासून काढलेली वापरली असता मात्र कॅल्शियम पुष्कळ लागे. हा फरक मेंदूच्या अर्कात अशुद्धी म्हणून असलेल्या डायॲसिलग्लिसरॉलामुळे होता. होकिन दांपत्याच्या प्रयोगापासून ज्या लिपिडाच्या मोडण्याचे प्रयोजन कळत नव्हते, त्याच्या एका तुकड्याचे कार्य अशा प्रकारे उघड झाले. डायॲसिलग्लिसरॉलाच्या उपस्थितीत एंझाइमास लागणारे कॅल्शियमाचे प्रमाण इतके कमी होते की, उद्दीपित कोशिकेतील प्रमाण त्यास पुरेसे ठरते.

या एंझाइमाच्या रेणूत कार्यकारी भागाव्यतिरिक्त नियंत्रण करणारा एक भाग असतो. विश्रांत स्थितीत नियंत्रक भागातील एक आखूड पट्टी कार्यकारी भागाच्या खाचेत बसलेली असते व ती खाच बंद ठेवते. ही पट्टी एंझाइम ज्या प्रथिनांवर क्रिया करते त्यांच्यासारखीच, परंतु फॉस्फेट गट स्वीकारण्यास असमर्थ असते. तिच्या या कार्याचा पुरावा १९८७ मध्ये मिळाला. नियंत्रक भागात दोन प्रकारची क्षेत्रे असतात. एक प्रकार कॅल्शियमाच्या मदतीने पटलातील फॉस्फॅटिडिल सेरीन या ऋण विद्युत् भारित लिपिडास चिकटतो. दुसरा प्रकार डायॲसिलग्लिसरॉल ओळखतो. कॅल्शियम वाढले की एंझाइम कोशिकेच्या द्रवातून पटलाकडे येते, तेथे त्यास डायॲसिलग्लिसरॉल भेटते, दोन्ही क्षेत्रे पटलास घट्ट धरतात आणि या ओढीने खाचेतील पट्टी बाहेर निघते. एंझाइम आता क्रियाशील होते. दोन किल्ल्या लावल्याशिवाय न उघडणाऱ्या कुलपाशी या रचनेचे साम्य आहे. एखाद्या किल्लीच्या किरकोळ, आकस्मिक हालचालीने ते सहसा उघडत नाही.

जिवंत कोशिकेत या दोन्ही किल्ल्यांचा उपयोग होतो, हे १९८३ मध्ये बिंबाणूंवरील प्रयोगांनी दाखवून दिले. बिंबाणूंत केवळ कॅल्शियम वाढविले किंवा केवळ कृत्रिम डायॲसिलग्लिसरॉल सोडले, तर त्यांच्यातील सेरोटोनीन अल्प प्रमाणातच बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी दिल्यास मात्र ते नैसर्गिक उद्दीपनाइतके बाहेर पडते.

पुढील संशोधनात हे एकच एंझाइम नसून सु. दहा एंझाइमांचे कुल असल्याचे आढळले. त्याचे तीन गट केले जातात : कॅल्शियम व डायॲसिलग्लिसरॉल दोन्ही लागणारी, केवळ डायॲसिलग्लिसरॉल लागणारी आणि या दोहोंवाचून अन्य प्रकारे नियंत्रित होणारी. एकाच कोशिकेत निरनिराळ्या गटांतील एंझाइमे असल्याने एकाच संदेशाला कमीअधिक वेगाचे व कालावधीचे प्रतिसाद मिळू शकतात.

जमालगोटा व फॉर्बॉल एस्टरे : आयुर्वेदात जयपाळ व व्यवहारात जमालगोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या बियांचे तेल अतितीव्र रेचक असून कातडीवर लागल्यास दाह व फोड उत्पन्न करते. कर्करोग निर्माण करणारे द्रव्य अल्प प्रमाणात लावलेल्या उंदरांच्या कातडीवर हे तेल वारंवार चोळल्यास अर्बुदे (गाठी) उद्भवतात, असे आयझॅक बेरनब्लम यांनी १९४१ मध्ये दाखविले. केवळ तेल लावल्याने असा परिणाम सहसा होत नाही. म्हणून त्यास अर्बुदाचे ‘प्रवर्तक’ म्हटले गेले. तेलातील कार्यकारी द्रव्ये फॉर्बॉल एस्टरे ही असल्याचे १९६०–७० या दशकात समजले. १९८२ मध्ये निशिझुका यांच्या प्रयोगशाळेत ही एस्टरे प्रथिन कायनेज सी या एंझाइमास प्रत्यक्ष क्रियाशील करतात, असे आढळले. त्यांच्या रेणूचा एक भाग डायॲसिलग्लिसरॉलाची जागा घेतो. फरक एवढाच की, डायॲसिलग्लिसरॉल अल्पकाळात नष्ट केले जाते, तर फॉर्बॉल एस्टर तसे होत नाही. एंझाइमाच्या संबंधित क्षेत्राची फॉर्बॉल एस्टरासह स्फटिकरचना १९९५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित करण्यात आली. तीवरून असे दिसते की, सु. ५० ॲमिनो अम्लांच्या या क्षेत्रातील खळग्यात एस्टर बसले की त्याचा जलस्नेही पृष्ठभाग झाकला जाऊन ते पटलात शिरण्यास अधिक अनुकूल होते.

कॅल्मोड्युलीन व त्यावर अवलंबून असणारी एंझाइमे : बहुसंख्य एंझाइमे कॅल्शियम स्वतः ओळखत नाहीत, ते काम त्यांच्यासाठी कॅल्मोड्युलीन हे लहान प्रथिन करते. १९७० मध्ये वाय यिऊ च्युंग व शिरो काकिउची यांना ते स्वतंत्रपणे आढळले. त्यात १४८ ॲमिनो अम्ले असून चार कॅल्शियम आयन जडू शकतात. आयन जडल्यावर ते उलगडते, लक्ष्य असलेल्या एंझाइमातील पट्टीला दोन्ही बाजूंनी वेढते व एंझाइमाची अडवलेली खाच मोकळी करते.

ग्लायकोजेनाचे विघटन सुरू करणाऱ्या फॉस्फोरिलेज कायनेज या एंझाइमाचा एक घटक कॅल्मोड्युलीन हाच आहे. त्यामुळे ज्या कॅल्शियमाने स्नायू आकुंचन पावतो, त्यानेच त्याच्या इंधनाचा पुरवठाही सुरू होतो. काम आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा यांची सांगड आपोआप घातली जाते. मेंदूत विपुल असणारे कॅल्मोड्युलीन-अवलंबी कायनेज-२ हे साधारणतः बारा घटकांचे असते. त्याचे घटक एकमेकांवर फॉस्फेट गट जोडतात व त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही एंझाइम काही काळ क्रियाशील राहते. कॅल्शियमाचे ठोके जितके जलद, तितके ते अधिक क्रियाशील होते, असे १९९८ मध्ये आढळले. या एंझाइमाच्या मेंदूतील प्रमुख प्रकाराचा अभाव असलेल्या उंदरांना स्थळांचे ज्ञान लक्षात ठेवणे जड जाते, हे १९९२ मध्ये दिसून आले होते.

याउलट कॅल्सिन्युरीन हे एंझाइम फॉस्फेट गट काढून टाकते. प्रतिरक्षा कोशिकांत कॅल्शियम वाढले की ते क्रियाशील होऊन आवश्यक जीनांचे कार्य सुरू करविते. मूत्रपिंड व अन्य अवयवांच्या प्रतिरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरीन हे औषध याच एंझाइमास रोखते, असे १९९१ मध्ये सिद्ध झाले. औषधाचा उपयोग आधीपासून चालू होता. त्याच्या क्रियेचे कारण कॅल्शियमाच्या अभ्यासाने कळले.

संदेशाची समाप्ती : संदेश सुरू होताच तो संपविण्याची व्यवस्थाही कामास लागते. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटाचे फॉस्फेट गट एकामागून एक काढले जाऊन शेवटी इनॉसिटॉल उरते व ते नवे लिपिड बनविण्यास परत वापरले जाते. डायॲसिलग्लिसरॉलावर फॉस्फेट गट जोडून त्याचे फॉस्फॅटिडिक अम्लात रूपांतर होते व तेही त्याच चक्रात जाते. कॅल्शियम पंपांद्वारे बाहेर वा साठ्यात नेले जाते. बाह्य पटलातील पंपाची गती कॅल्मोड्युलिनामुळे वाढते. म्हणजे कॅल्शियमाची वाढ स्वतःच्या निर्गमनाची व्यवस्था करते. कॅल्शियमाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास प्रथिने व पटले मोडणारी एंझाइमे अनिर्बंध होतात आणि कोशिकेचा नाश ओढवतो. रक्तपुरवठा तुटल्याने मेंदूच्या कोशिकांना होणाऱ्या इजेत या घटनेचा मोठा वाटा असतो.

कोशिकेबाहेरील उदाहरण : लिपिड-पृष्ठ व कॅल्शियम यांची जोडी कोशिकेच्या आतच कार्य करते असे नाही. रक्त साखळताना उद्दीपित बिंबाणू आपल्या पटलातील फॉस्फॅटिडिल सेरीन बाहेरच्या थरात आणतात. क्लथन (साखळण्याच्या) क्रियेतील काही घटक के जीवनसत्त्वामुळे कॅल्शियम धरू शकतात व त्याच्या योगाने या पृष्ठावर एकत्र येतात. मोकळ्या द्रवात अत्यंत मंद असणारी विक्रिया तेथे कित्येक हजारपट जलद होते. पटलाचा पृष्ठभाग विक्रियेचे स्थानही ठरवितो. त्यामुळे गुठळी जखमेपाशीच होते. रक्तपेढीत रक्तात सायट्रेट घालतात ते कॅल्शियम बद्ध करून ही क्रिया रोखण्यासाठीच.

वैद्यकीय महत्त्व : फॉर्बॉल एस्टरांच्या शोधापासून प्रथिन कायनेज सी हे एंझाइम कर्करोगास साहाय्यभूत होते, असा समज दृढ झाला आणि त्यास रोखणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न सु. तीन दशके चालले. कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांत त्यांना अपेक्षित यश आले नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत अलेक्झांड्रा न्यूटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या गाठींत आढळलेली या एंझाइमाच्या जीनांतील अनेक उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यातील बदल) तपासली. त्यांपैकी बहुतेकांमुळे एंझाइमाचे कार्य वाढण्याऐवजी कमी होते किंवा थांबते, असे दिसून आले. यावरून या एंझाइमाचे पुष्कळसे प्रकार अर्बुदाच्या वाढीस आळा घालणारे असावेत, असे मत पुढे आले. जुन्या निरीक्षणाशी याचा मेळ बसतो : फॉर्बॉल एस्टर प्रथम एंझाइम क्रियाशील करते, परंतु दीर्घकाळ क्रियाशील राहिलेले एंझाइम कोशिका मोडून टाकते व अखेरीस ते जवळजवळ नाहीसे होते. वारंवार तेल चोळलेल्या कातडीत एंझाइमाचा अतिरेक होता की अभाव, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारला गेला. संशोधकांनी एखादे एंझाइम रोखावे की टिकवावे, या निर्णयावर रुग्णांना मिळणाऱ्या औषधाचे स्वरूप अवलंबून असल्याने या प्रश्नाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही.

काही औषधांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. मुळात प्रथिन कायनेज सी रोखण्यासाठी शोधलेले मिडोस्टॉरीन हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्य झाले, ते मात्र दुसऱ्याच एका एंझाइमावरील परिणामामुळे. शेराच्या कुलातील एका लहान वनस्पतीपासून मिळणारे व प्रथिन कायनेज सी क्रियाशील करणारे इंजेनॉल मेब्युटेट २०१२ पासून उन्हाने कातडीवर उठणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी वापरात आले होते. कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याच्या शंकेवरून २०२० मध्ये यूरोपीय संघातील त्याची विक्री थांबविण्यात आली. या एंझाइमाच्या तंत्रिका कोशिकांतील एका प्रकारात जन्मजात दोष असल्यास अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) ऱ्हास होऊन चालण्याचा तोल जातो.

उद्दीपन-अवसाद चक्राच्या मानसिक विकारावर लिथियमाची लवणे उपयुक्त ठरतात, असे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदविले होते. इनॉसिटॉल परत मिळविण्याच्या मार्गावरील एका एंझाइमास लिथियम रोखते. त्यामुळे अतिउद्दीपित तंत्रिका कोशिकांत संदेशवाहक लिपिडाचा पुरवठा कमी पडत असावा, असे स्पष्टीकरण बेरिज यांनी सुचविले. लिथियम इतर एंझाइमांवरही परिणाम करीत असल्याने त्याचा गुण नेमका कशामुळे येतो, याबाबत एकमत नाही.

फलनाच्या वेळी होणारी क्रिया हे या यंत्रणेचे कदाचित सर्वांत मूलभूत उदाहरण होय. सस्तन प्राण्यांत शुक्राणू अंड्यात शिरताना आपल्याबरोबर फॉस्फोलिपेज सी या एंझाइमाचा एक विशिष्ट प्रकार आणतो. तो २००२ मध्ये ओळखला गेला. त्याच्या क्रियेने इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट निर्माण होऊन अंड्यात कॅल्शियमाच्या लाटा काही तास उठत राहतात व विकासास प्रारंभ होतो. शुक्राणूतील हे एंझाइम सदोष असल्यास अंडे उद्दीपित होत नाही व वंध्यत्व येते. रिंगर यांनी बेडकाच्या हृदयात ज्या द्रव्याचे कार्य प्रथम पाहिले, त्याच द्रव्याने प्राण्याच्या आयुष्याचा आरंभही होतो.